तिला खाटेवर जागा होती

जाऊ जावेचा हेवा करते, बहीण बहिणीचा करते, सवत सवतीचा करते. मी एका कुत्रीचा केला. एकदोन दिवस नाही, सगळा उन्हाळा केला. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून ठेवते.

ह्यांना लकवा झाला तेव्हा हे साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. खुर्चीत बसल्या बसल्या उजवीकडे कलंडले. आधी शहादा, मग नंदुरबार, मग सुरत, असे दवाखाने झाले. घरी आणलं तेव्हा उजवा हात निकामी होता, पाय ओढत होता आणि बोलणं पार बंद झालं होतं. समजत मात्र सगळं होतं. ते डोळ्यांत दिसायचं आणि तेच बघवत नसे.

घरी आल्यावर पहिली गोष्ट झाली ती म्हणजे ह्यांची खाट ओसरीत गेली. आमची खोली आत, मध्ये दोन पायऱ्या, मोरी अंगणात, शिवाय भेटायला येणाऱ्यांची रीघ. म्हणून खाट ओसरीत. त्यात चूक काही नव्हतं. पण ओसरी पुरुषांची. तिथे सासऱ्यांची खुर्ची, जेठांचा, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाचा, बाक. आम्ही दोघी सुना तिथे जातो ते पदर हनुवटीपर्यंत ओढून. चहा ठेवायचा आणि परत फिरायचं. सासऱ्यांसमोर सून बसत नाही. आणि नवऱ्याच्या खाटेवर, चार माणसांत, त्याच्या शेजारी? ते करू नको असं मला कधी कुणी सांगितलंही नाही. सांगावं लागत नाही. चोवीस वर्षांच्या संसारात चारचौघांत आम्ही शेजारी बसलो ते पूजेच्या पाटावर, तेवढंच.

आधी त्याचं काही वाटत नसे. रात्री खोलीत हे बोलायचे, काट्यावर कोणाच्या ट्रॉलीत उसाखाली काय सापडलं, कोण कोणाशी भांडलं. मी ऐकायचे. मी मुळात कमी बोलणारी, गावातली शाळा चौथीपर्यंतच होती, तेवढी शिकलेली. ह्यांना ऐकणारं माणूस चालायचं. आता ते बोलणंही गेलं आणि खोलीही गेली.

ओसरीत ह्यांच्याजवळ सासूबाई झोपायच्या. भरवायच्या त्याच. तोरणमाळकडून कुणी तेल आणून दिलं होतं, ते चोळायच्याही त्याच. आईचा जीव, मी काय म्हणणार? माझ्या वाट्याला ह्यांचे कपडे आले आणि सकाळची आंघोळ आली. ती सासूबाईंच्या गुडघ्यांनी होत नव्हती म्हणून माझ्याकडे. मोरीत ह्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायचं, दार लोटायचं, आणि मग पंधरा मिनिटं आम्ही दोघंच. त्या पंधरा मिनिटांवर माझा दिवस निघायचा. मी हळूच म्हणायची, "पानी म्हना. पा-नी." हे भिंतीकडे तोंड फिरवायचे. रोज म्हणायची, रोज फिरवायचे. तरी मला वाटायचं, पहिला शब्द निघेल तो इथेच निघेल, माझ्यासमोर.

शहाद्याला व्यायाम करून घेणाऱ्या एक बाई आल्या होत्या, मूळच्या नाशिकच्या. हे दवाखान्यात जायला तयार नव्हते. एसटी स्टँडवर ओळखीच्या माणसांनी धरून नेताना बघावं, हे ह्यांना सोसत नव्हतं. म्हणून बाई आठवड्यातून दोनदा गाडी घेऊन घरी यायला लागल्या. पहिले दोन आठवडे हे हात लाकडासारखा धरून बसले. बाई उचलायच्या, हे सोडून द्यायचे. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी सासऱ्यांना विचारलं की माझी कुत्री आणली तर चालेल का.

गाडीतून उतरली ती चांगली वासराएवढी. बदामी रंगाची, तोंडाजवळ पांढरी झालेली, कान केळीच्या वाळक्या पानासारखे लोंबते. आमच्या गल्लीतली कुत्री तिच्यावर भुंकली तर तिने त्यांच्याकडे पाहिलंदेखील नाही. बाईंनी सांगितलं की ती शिकवलेली आहे. आजारी माणसांजवळ बसायचं हेच तिचं काम. केस ओढले तरी गुरगुरत नाही, कोणी ओरडलं तरी उठून जात नाही. नाशिकला दवाखान्यात जायची, म्हाताऱ्या माणसांकडे जायची. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कुत्रीले बी नोकरी लागनी. आमना पोरे ऱ्हाई ग्यात." कुत्रीला नोकरी आणि घरची पोरं तशीच, ह्यावर ओसरीतले सगळे हसले. दाराआड मीही हसले. तेव्हा हसले.

सासूबाईंना कुत्री ओसरीत नको होती. अंगणात ठीक आहे म्हणाल्या. पण ह्यांना अंगणात उतरवणं म्हणजे दोन माणसांचं काम, सकाळी आंघोळीला एकदा उतरवायचे तेवढंच. शेवटी ठरलं की कुत्रीला वर घ्यायचं, फक्त तिची गोधडी वेगळी ठेवायची. आणि गोधडी निघाली ती माझी, माझ्या जुन्या लुगड्यांची, मी शिवलेली. ती खाटेवर अंथरली. बाईंनी खाटेवर दोनदा थापटलं. कुत्री पुढचे पाय टेकवून वर चढली, ह्यांच्या डाव्या अंगाला बसली आणि ह्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. सासऱ्यांसमोर, जेठांसमोर.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते.

बाईंची युक्ती अशी की ह्यांचा डावा हात त्या ह्यांच्याच मांडीखाली दाबून ठेवायच्या. मग कुत्रीला हात लावायचा तर उजवाच उचलावा लागे. त्या दिवशी हाताने काही केलं नाही. पण हे तिच्याकडे बघत राहिले, आणि मग ह्यांना रडू आलं. लकव्यानंतर रडू फार यायचं, कारण नसतानाही. हे रडायला लागले की घरात सगळे दुसरीकडे बघायचे. सासरे पेपर उघडायचे, जेठ मोबाईल काढायचे. सासूबाई म्हणायच्या, मर्द माणूस तू, रडतोस काय. आणि मी दाराआड पदराचं टोक दातांत धरून उभी. वाईट कोणीच नव्हतं. बघवत नव्हतं एवढंच. कुत्रीने दुसरीकडे पाहिलं नाही. उलट सरकून आणखी जवळ आली आणि एक मोठा श्वास सोडून तशीच पडून राहिली.

मला वाटलं, हे तर मला करायचं होतं. सहा महिने मला एवढंच करायचं होतं.

पुढच्या खेपांना ह्यांचा उजवा हात हलायला लागला. आधी खांदा, मग कोपर, मग बोटं तिच्या मानेच्या केसांत. गाडीचा आवाज आला की हे ताठ बसायचे. सोमवारी आणि शुक्रवारी दाढी करून घ्यायचे, जेठांना खूण करून. माझ्यासाठी ह्यांनी कधी वार बघून दाढी केली नव्हती. मी ती गोधडी दर खेपेला धुवायची. केस निघता निघत नसत. ते वेचताना माझ्या मनात जे यायचं ते लिहिण्यासारखं नाही. तिचं एक इंग्रजी नाव होतं, घरात सगळे त्या नावाने हाक मारायला शिकले, सासूबाईसुद्धा. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आमची रीत. कुत्रीचं मी आपण होऊन घेतलं नाही.

बाईंनी एकदा सांगितलं की गुरुवारी ती शहाद्यातल्या एका म्हाताऱ्या आजीकडे जाते, तिथेही अशीच डोकं ठेवून बसते. ते ऐकून मला आतून बरं वाटलं. म्हटलं, एकट्या ह्यांची नाही तर. मग मोरीत आंघोळ घालताना ह्यांना ते मुद्दाम सांगितलं. ह्यांना त्याचं काहीच वाटलं नाही.

आणि मग पाचव्या आठवड्यात, कुत्री अंगणात पाणी पीत थांबली होती. खाटेवर चढायला उशीर झाला. ओसरीतून आवाज आला, जाड, घशात अडकलेला, पण स्पष्ट.

"ये."

मी चुलीपाशी होते. हात पिठाचे. बाहेर एकदम गलका झाला. सासूबाई रडत देवापाशी गेल्या, सासरे गल्लीत जाऊन सांगून आले, मोठ्या जावेने साखरेचा डबा काढला. सासूबाईंनी तूप लावून पहिली भाकर कुत्रीला दिली, आपल्या हाताने. माझ्या तव्यावरची भाकर जळाली. जाऊ आत आली, जळाल्याचा वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि हसत म्हणाली, "तुन्हापेक्षा कुत्री बरी. तिनी बोलाडं त्यासले."

तिच्या मनात वाकडं नव्हतं. कुत्रीने ह्यांना बोलतं केलं, ही चेष्टाच होती. ती माझीही चेष्टा करते, स्वतःचीही करते. पण मी तवा उतरवला आणि परसात जाऊन उभी राहिले. सहा महिने पाणी म्हणा, पाणी म्हणा. आणि तिने काही म्हणायला सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर आठ दिवसांनी मी खोटं बोलले.

वैशाखातलं ऊन. ह्यांच्या दंडावर आणि मानेवर पुरळ उठलं होतं. घामोळं होतं, मला आंघोळ घालताना दिसत होतं, आमच्या घरात अर्ध्या माणसांना तसंच होतं. बाईंनी ते बघितलं. त्या हात धुवायला मागे आल्या तेव्हा मी पाणी घालत होते. त्यांनी विचारलं, "ताई, हे पुरळ कुत्री आली की वाढतं का? कुणाकुणाला केसांनी होतं तसं."

इतक्या दिवसांत मी बाईंशी एक शब्द बोलले नव्हते. लाज वाटायची, त्यांच्यासारखं शुद्ध बोलता येत नाही म्हणून. त्या दिवशी बोलले. "हो," म्हटलं. "ती आली की वाढतं."

बाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, बरं केलं सांगितलंत, आंघोळ तुम्ही घालता, तुम्हालाच कळणार. आणि शुक्रवारी त्या एकट्या आल्या.

गाडीचा आवाज आल्यावर हे ताठ बसले. बाई फाटकातून आत आल्या, फाटक लागलं, तरी हे फाटकाकडेच बघत राहिले. बाईंनी समजावून सांगितलं. अंगावर उठतंय, थोडे दिवस थांबू. ह्यांनी मान हलवली. नाही म्हणाले की हो, कळलं नाही. मग हात पोटाशी धरला आणि डोळे मिटून घेतले.

मला वाटलं होतं की मला बरं वाटेल. एक दिवस वाटलंही. गोधडी धुवून, केस काढून मी पेटीत ठेवून दिली.

पण हात आवळायला लागला. एक आठवडा, दोन आठवडे. बाई ओढायच्या, हे ओढू द्यायचे नाहीत. पंजाची मूठ झाली आणि ती उघडेना. मोरीत मी एकेक बोट उचलून तळवा धुवायची. आत घाम साचून वास यायचा. नखांनी तळव्यात चार खुणा केल्या होत्या, नखं कापायलाही मूठ उघडत नव्हती. बाईंनी सासऱ्यांना सांगितलं ते मी दाराआडून ऐकलं. आत्ता हात मोकळा झाला नाही तर पुढे होणं अवघड, स्नायू आखडून बसतात, मग कितीही ओढा. सासूबाईंनी विचारलं, कुत्री आणली तर? बाई म्हणाल्या, अंगावर उठतं ना, जखमा झाल्या तर आणखी त्रास. तेवढं बोलून त्यांनी दाराकडे, माझ्याकडे पाहिलं, जणू मी त्यांच्या बाजूची आहे.

दुसऱ्या दिवशी मोरीत मी बोटं सोडवत होते. करंगळी उचलली तेव्हा ह्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. आजारानंतर असं बघितलंच नव्हतं. तोंड वाकडं करून, सगळा जोर लावून म्हणाले, "कोठे?"

माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द. मी ज्याची वाट बघत होते तो. तो मिळाला, त्याच जागी, दार लोटलेलं, आम्ही दोघंच. आणि तो तिच्यासाठी होता.

मी हातातला तांब्या खाली ठेवला. राग आला, खोटं कशाला बोलू? इतका राग आला की मूठ तशीच राहू दे असं एकदा वाटून गेलं. मग त्या तळव्यातल्या नखांच्या खुणांवर बोट फिरलं. मनात आलं, आम्ही सगळे ह्यांच्याकडे बघतो ते आधीचा माणूस शोधायला. सासरे काट्यावरचा मुलगा शोधतात, मी रात्री बोलणारा नवरा शोधते. पाणी म्हणा म्हणताना मी तरी दुसरं काय करत होते? त्या कुत्रीला आधीचं काही माहीत नाही. तिच्यासाठी हे असेच आहेत, आणि असेच पुरेसे आहेत. हे समजलं म्हणून हेवा कमी झाला नाही. उलट वाढला. पण हात ह्यांचा होता, माझ्या हेव्याचा नव्हता.

सोमवारी बाई निघाल्या तेव्हा मी फाटकाबाहेर त्यांच्या गाडीपाशी गेले. इतक्या वर्षांत पाहुण्यांच्या मागे मी कधी फाटकाबाहेर गेले नव्हते. चार वाक्यं मनात जुळवून नेली होती, शाळेत कविता पाठ करतात तशी. त्यातली दोनच निघाली.

"ते घामोळं आहे, बाई. मी खोटं बोलले."

बाईंनी गाडीचं दार उघडं ठेवून माझ्याकडे बघितलं. का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ती जवळ बसते."

"मग तुम्हीही बसा की."

"आमच्यात नाही बसत."

त्या हसल्या नाहीत. रागावल्यासारख्या वाटल्या, ते बरोबरच होतं. म्हणाल्या, "तीन आठवडे गेले, ताई. हाताचे तीन आठवडे." घरात सांगणार का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शुक्रवारी कुत्री आली. बाईंनी सासऱ्यांना सांगितलं की पुरळ घामोळ्याचंच निघालं, माझाच अंदाज चुकला. माझं नाव घेतलं नाही. कुत्री पायऱ्या चढून आली, जणू परवाच येऊन गेली होती. कोणावर रुसली नाही. माझ्याजवळून जाताना शेपटीचा फटका माझ्या लुगड्याला बसला. खाटेवर चढली, डोकं ठेवलं.

आणि हे रडायला लागले. आधी कधी रडले नव्हते इतकं, हंबरल्यासारखं. ओसरीत नेहमीसारखं झालं. सासऱ्यांनी पेपर वर धरला. जेठ उठून अंगणात गेले. सासूबाई भिंतीकडे वळल्या. बाई कुत्रीच्या पाठीवर हात ठेवून बसल्या. ह्यांच्या उजव्या अंगाला खाट रिकामी होती.

मी ठरवून काही केलं नाही. धाडस वगैरे माझ्यात नाही. चहाचा ट्रे कुठे ठेवला ते आठवत नाही, नंतर तो पायरीवर सापडला. पदर ओढला आणि मी त्या रिकाम्या जागेवर जाऊन बसले. खाट करकरली. सगळ्या गावाला ऐकू गेलं असं मला वाटलं. पदराआडून मला फक्त माझे पाय दिसत होते आणि त्यांच्या शेजारी ह्यांचे.

सासऱ्यांचा पेपर सळसळला. मग खुर्ची सरकली. त्यांच्या काठीचा आवाज आला, गोठ्याच्या दिशेने गेला. मी घाबरून उठायला लागले, तर सासूबाई भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या, "बठी ऱ्हाय. आते कसाले उठस?"

मी बसून राहिले. हे मघासारखेच रडत होते. माझ्याकडे वळले नाहीत. मूठ कुत्रीच्या मानेवर ठेवलेली होती आणि बाई सांगत होत्या, घाई नाही, घाई नाही. बऱ्याच वेळाने अंगठा सुटला. मग पहिलं बोट. ते तिच्या केसांत गेलं. माझ्याकडे नाही. मी पदराआडून ते बघितलं, आणि शेजारी बसूनही मला तेवढंच लागलं जेवढं दारात उभी राहून लागायचं.

पण रडता रडता ह्यांचं अंग उजवीकडे कलायला लागलं. खांदा माझ्या खांद्याला टेकला. आधी थोडा, मग सगळा. इतका भार की मला पाय रोवून बसावं लागलं. बाईंच्या लक्षात आलं. म्हणाल्या, ताई, त्या बाजूला ताकद नाही त्यांच्यात, तोल जातोय, सरळ करू का?

मी म्हटलं, "राहू द्या."